हिवराळे सरांची इटली

परवा शेजारच्या काकू दारात आल्या. मुलाकडे जर्मनीत राहून नुकत्याच परतल्या आहेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मूठभर नाणी. मुलाच्या घरमालकिणीने निघताना आठवण म्हणून दिलेली, युरो यायच्या आधीची, तिकडेही बंद पडलेली.

"मॅडम, बँकेत गेल्ते," काकू म्हणाल्या. "तिथला पोरगा हसला. म्हणला, परदेशातली चालू नाणी बी आम्ही घेत न्हाई, ही तर मेलेली. आता ह्याचं करावं काय? ठेवून उपेग न्हाई अन टाकवत बी न्हाई." मग त्यांना एकदम आठवलं. "तुमच्या शाळेत ते सर होते ना, असली नाणी घेणारे?"

होते. काकूंना चहा दिला, इकडचं तिकडचं बोलले. हिवराळे सरांची आठवण आली की अजूनही आधी माझ्या छातीत धडधडतं, आणि मग हसू येतं. क्रम कधी बदलत नाही.

उत्तम हिवराळे माझ्या शाळेत पाचवीचे वर्गशिक्षक होते. शाळा भोकरदन तालुक्यातल्या, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूच्या एका लहान गावात. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी टोचायचं. सर उंच, सडपातळ, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. माणसं रागावली की आवाज चढतो, यांचा उतरायचा. जितका राग जास्त, तितका आवाज बारीक. त्यांचा आवाज अगदी ऐकू येईनासा झाला की पाचवीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. मी शेजारच्या वर्गात घसा फोडून शिकवायचे आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही, याचा मला रागच यायचा.

हातात काहीही दिलं की ते उलटून बघायची त्यांना सवय होती. परिपत्रक असो, लग्नाची पत्रिका असो, चहाबरोबरचं बिस्कीट असो. एकदा मी चिडून विचारलं, "सर, बिस्किटाच्या मागं काय लिहिलेलं असतं?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, कधीकधी मुंगी आसती."

नाणी यायची अजिंठ्याहून. त्यांचा मावसभाऊ लेण्यांच्या पायथ्याशी चमकणाऱ्या गारगोट्या विकायचा. परदेशी पाहुणे खिशातली उरलीसुरली चिल्लर त्याच्या हातावर ठेवायचे, आणि त्यात बरीचशी त्यांच्याच देशात बंद झालेली असायची. बँक घेईना, दुकानदार घेईना. भाऊ कंटाळून ती सरांपुढे ओतायचा. सर ती पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात भरायचे आणि जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात वाटायचे. प्रत्येक पोराला एक नाणं म्हणजे एक देश. वर्षभर तो देश त्या पोराचा. त्याच्या नद्या, त्याचं पीक, तिथली माणसं काय खातात, सगळं त्या पोराने शोधून आणायचं. हजेरीसुद्धा देशांनीच. "फ्रान्स?" "हजर सर." "पोर्तुगाल?" "पोर्तुगाल शेळ्या घिऊन गेलाय सर."

नियम एकच. नाणं हरवायचं नाही, आणि शाळेच्या शेवटच्या दिवशी परत करायचं.

एका साली ग्रीस विहिरीत पडला. पोरगं पोहायला गेलं होतं, चड्डीच्या खिशातून नाणं निसटलं. ते चार दिवस शाळेत आलं नाही. सर स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याला म्हणाले, "नाणं गेलं, देश कुठं गेला? आता तो तुह्यापाशी तोंडातच हाय. शेवटच्या दिवशी तोंडानं परत कर." शेवटच्या दिवशी त्या पोराने ग्रीसची बेटं अशी घडाघडा म्हटली की वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याला आजही गावात ग्रीसच म्हणतात. तसाच एक जर्मनी आहे, तो काळीपिवळी जीप चालवतो. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही, शंका आहे.

ह्या नाण्यांना कुणी खोटी म्हटलं की मात्र सरांचा आवाज उतरायचा. "चालत न्हाई म्हणून खोटं ठरत न्हाई," एवढंच म्हणायचे. एकदा स्टाफरूममध्ये ते असं म्हणाले आणि एक जुने सहकारी उठून बाहेर गेले. नंतर मला शिपायाने सांगितलं की सर नवीन आले तेव्हा त्यांना गावात राहायला खोली मिळाली नव्हती. ते बौद्ध, म्हणून. पहिलं वर्षभर त्यांनी भोकरदनहून सायकल मारली होती. स्वतः सर याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. गावात मान होता, लोक वाकून नमस्कार करायचे, पण किती आत यायचं याची एक रेघ होती आणि सर ती अचूक ओळखून होते. नवरात्रात शाळेसमोरून देवीची आरती जायची तेव्हा ते वर्गात वह्या तपासत बसायचे.

त्या वर्षी इटली पल्लवीला मिळाली.

पल्लवी हुशार पोरगी. बाप पुण्याला वॉचमन, आई मंदाबाई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची, आणि घरात तीन वर्षांचा भाऊ ओम. इटलीचं ते नाणं पिवळंधमक होतं. एका बाजूला दातेरी चाक, दुसऱ्या बाजूला बाईचं नुसतं मुख, केस मागे बांधलेले. आता आमच्या भागात नुसतं मुख म्हटलं की काय आठवतं हे वेगळं सांगायला नको. माहूरला रेणुकेचं मुखच पूजतात, धड नाही. पल्लवीने नाणं घरी नेलं तेव्हा ओम तापाने फणफणलेला होता. मंदाबाईने नाणं पाहिलं, उलटून चाक पाहिलं, आणि लेकराच्या उशाशी ठेवलं. सकाळी ताप उतरला. उतरायचा होता म्हणून उतरला असेल. पण नाणं देव्हाऱ्यात गेलं.

सरांच्या हे कानावर आलं तेव्हा ते हसले. "ऱ्हाऊ द्या. शेवटच्या दिवशी आणंल ती." मीही हसले. तेव्हा ते गमतीचंच होतं.

मग कुणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. "रेणुकामाता नाण्यावर प्रकट." गावात घरटी एक मोबाईल, आणि देवाच्या कामाला रिकामा वेळ सगळ्यांकडे. घटस्थापनेपर्यंत मंदाबाईच्या दोन खोल्यांपुढे माणसांची रांग लागायला लागली. मंदाबाईने घट बसवले, नाणं घटापुढे धान्यावर मांडलं, अखंड दिवा लावला. जर्मनी आजूबाजूच्या खेड्यांतून दर्शनाची माणसं जीप भरभरून आणू लागला. गावचे आबा, शाळा समितीचे अध्यक्ष, रांग लावायला स्वतः उभे राहिले. मंदाबाई रोजाला जायची बंद झाली. तिला सगळे आता "आई" म्हणू लागले.

सर आता हसत नव्हते. स्टाफरूममध्ये पंख्याकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, माह्या डब्यातून गेलेलं हाय ते. उद्या काही झालं तर कुणावर येईल?" मी म्हटलं, काय होणार आहे, चार दिवस नाचतील आणि विसरतील. मला खरंच तसंच वाटत होतं.

अष्टमीच्या आदल्या दिवशी हजेरीला इटली नव्हती. त्याआधीच्या दिवशीही नव्हती. मधल्या सुट्टीत पल्लवीच्या शेजारची एक पोरगी सहज बोलून गेली, "सर, ओम्याला कालपासून उलट्या अन ढाळ लागलेत. त्याची आई म्हणती देवी बघून घिईल." सरांनी खडू खाली ठेवला. मला म्हणाले, "मॅडम, चला. बाईमाणसाचं घर हाय, तुम्ही संगट पाहिजेत."

रांगेतली माणसं शाळेचे सर म्हणून बाजूला झाली. दारात सरांनी चपला काढल्या. आत उदबत्तीचा धूर कोंडलेला, चार बायका देवीची गाणी म्हणत होत्या. मंदाबाई घटाशेजारी बसलेली आणि तिच्या मांडीवर ओम. डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले. तो रडत होता पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मंदाबाई देवीपुढच्या तांब्यातलं पाणी पळीने त्याला पाजत होती आणि ते तो ओकून टाकत होता. सरांनी वाकून त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना; अंगात पाणीच उरलं नव्हतं.

"मंदाबाई, लेकराला आत्ता दवाखान्यात न्यावं लागंल."

"सर, घट बसलेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता, भीती होती. "दिवा अखंड हाय. बसवलेला देव हालवायचा न्हाई, अन घर सोडायचं न्हाई. मागच्या टायमाला बी हिनंच उठवलं त्याला. दसऱ्याला मी सोताच घिऊन जाते."

"दसऱ्यापर्यंत ते लेकरू न्हाई टिकायचं."

गाणं थांबलं. आबा दारातून म्हणाले, "सर, आसं वंगाळ बोलू नका देवीपुढं. लोक आलेत लांबून. आई बघून घिईल समदं."

सरांनी मंदाबाईला पुन्हा सांगितलं. शेजारची म्हातारी दिवा सांभाळेल म्हणाले. भाड्याचे पैसे मी देतो म्हणाले. हात जोडले. मंदाबाई एकदा लेकराकडे बघायची, एकदा घटाकडे, आणि मान हलवायची. ओमचं रडणंही आता बारीक होत चाललं होतं. मी सरांच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं, आता हे सांगणार की बाई, ही देवी नाही, हा इटलीचा मेलेला पैसा आहे. ते जर बोलले असते तर त्या खोलीतून आम्ही धड बाहेर पडलो नसतो. दुसराही एक मार्ग होता, तो माझ्या मनात येऊन गेला. म्हणायचं की देवीने मला दृष्टांत दिला, लेकराला दवाखान्यात ने. मंदाबाई उठली असती. मी त्यांच्या कानाशी तसं पुटपुटलेसुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मानेनेच नाही म्हटलं.

मग त्यांचा आवाज उतरला. इतका, की पुढच्या बायकांनाच ऐकू गेला असेल.

"ते नाणं शाळेचं हाय. मी परत मागून राह्यलो."

आणि त्यांनी वाकून घटापुढचं नाणं उचललं.

एका बाईने किंकाळी फोडली. सर मुठीत नाणं घेऊन बाहेर पडले, मी त्यांच्यामागे. धावले नाहीत. अनवाणीच, ताठ, भरभर चालत रांगेच्या मधून निघाले. लोकांना आधी कळलंच नाही. मग आतून मंदाबाईचा आवाज आला, "माही आई नेली! धरा रे, माही आई नेली!" आणि सगळा बोळ उठला. कुणीतरी सरांचा शर्ट मागून धरला, तो खांद्यापाशी टर्रकन फाटला. एकजण ओरडला, "ह्याच्या हाताला धरा! ह्याचा हात लागला आईला, ह्याचा!" त्या "ह्याचा" शब्दात काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला समजलं होतं. सरांनाही. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

बोळाच्या तोंडाशी जर्मनीची जीप उभी होती, नुकतीच दर्शनाची माणसं उतरवलेली.

"जर्मनी, गाडी काढ."

जर्मनी स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागून आबा ओरडत होते, "गाडी चालू करशील तर याद राख! गावात ऱ्हायचंय ना तुला?" जर्मनी आबांकडे बघायचा, सरांकडे बघायचा. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ते काही क्षण मला आयुष्यात विसरता येणार नाहीत. मग सर त्याला वर्गात हाक मारायचे तसे म्हणाले, "जर्मनी?"

"हजर सर," तो म्हणाला. सवयीनेच तोंडातून गेलं असावं. आणि त्याने चावी फिरवली. सर आणि मी मागे चढलो.

तोपर्यंत मंदाबाई बोळातून धावत आली होती. अनवाणी, पदर सुटलेला, आणि काखेत ओम, कारण लेकराला ठेवून धावायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. सर न धावता चालले होते ते नेमकं तिने लेकरासकट मागे यावं म्हणून, हे मला तेव्हा कुठे कळलं. जीप हलली तशी तिने मागची दांडी पकडली. मी तिला आत ओढलं. जीप निघाली आणि मागून कुणीतरी भिरकावलेला नारळ टपावर आपटून गेला.

रस्ताभर मंदाबाईने सरांना जे शिव्याशाप दिले ते मी लिहीत नाही. ती त्यांची मूठ उघडायला बघत होती, नखांनी ओरबाडत होती. सर मूठ गुडघ्यावर घट्ट धरून बसले होते आणि पुन्हापुन्हा तेवढंच म्हणत होते, "दवाखान्याच्या दारात देतो. दवाखान्याच्या दारात देतो." भोकरदन जवळ आलं तेव्हा ओमची मान तिच्या हातावर लुळी पडली. तिच्या शिव्या एकदम थांबल्या. तिने सरांची मूठ सोडली, ओमचं तोंड हातात घेतलं आणि जर्मनीला म्हणाली, "दादा, जल्दी. जल्दी कर रे."

दारात सरांनी मूठ उघडली. नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिने ते चोळीत खोचलं आणि ती लेकराला घेऊन आत धावली.

डॉक्टरांना सलाईनसाठी शीर सापडेना. एका हातावर झालं, दुसऱ्या हातावर झालं, शेवटी पायाला लागली. बाहेरच्या ओट्यावर सर, मी आणि जर्मनी बसलो होतो. सरांच्या हातावर नखांचे ओरखडे, शर्ट फाटलेला. जर्मनीचा मोबाईल सारखा वाजत होता, तो उचलत नव्हता. मला गावाची भीती वाटत होती, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे आतून काय बातमी येते. ते पोर गेलं असतं तर सरांनी देवी उचलली म्हणूनच गेलं असं झालं असतं. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. ते फक्त दाराकडे बघत होते.

उन्हं कलल्यावर सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "बाळाला लघवी झाली. आता काळजी नाही." आयुष्यात एवढी सुंदर बातमी मी ऐकलेली नाही. जर्मनी ढसाढसा रडायला लागला. सरांनी चष्मा काढला, उलटून त्याच्या काचा बघितल्या आणि पुन्हा घातला.

पुढे व्हायचं ते झालंच. दसरा झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. आबांनी अट घातली. सरांनी सगळ्यांसमोर कबूल करायचं की नाण्यावर देवीच आहे, आपल्या हातून पाप झालं, आणि मंदिराच्या पायरीवर नारळ फोडायचा. नाहीतर जिल्हा परिषदेकडे तक्रार. सरांच्या निवृत्तीला थोडंच उरलं होतं. अशा वेळी तक्रार म्हणजे चौकशी, बदली, पेन्शनची लटकंती. मी रात्रभर त्यांना काय सांगायचं याची जुळवाजुळव केली होती. एक नारळ तर फोडायचाय, सर.

सर उभे राहिले. "बाईच्या घरात न इचारता हात घातला, त्याची मी माफी मागतो. मंदाबाई, माफ करा," ते म्हणाले. आणि मग आवाज उतरला. "पन नाणं कशाचं हाय ते मी बदलू शकत न्हाई. ते इटलीचं हाय. तिथं बी आता चालत न्हाई. पन ते खोटं न्हाई, अन मी बी खोटं बोलनार न्हाई."

एकच गलका झाला. दोघेजण बाह्या सरसावून पुढे आले. तेवढ्यात मागून मंदाबाई उठली. ओम तिच्या काखेत होता, हातात बिस्किटाचा पुडा.

"आबा, गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली. "मला म्हाइत हाय ती इटली हाय ते. पोरीनं पहिल्याच दिशी सांगितल्तं. म्या म्हणलं, आसंल इटलीची. देवी काय एकाच गावात ऱ्हाती का?" कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "मी घरात बसून ऱ्हायले आसते तर ह्ये लेकरू आज नसतं. ती पुढं पळाली म्हणून मी मागं पळाले. आता ती सोता पळाली का सरांनी पळवली, त्याचं तुमाला काय करायचं? तक्रार करायची आसंल तर माही करा."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग शिपायाला म्हणाले, "बघत काय बसला? चहा सांग सगळ्यांला." तक्रार गेली नाही. दिवासुद्धा विझला नव्हता, शेजारच्या म्हातारीने सांभाळला होता. मनातल्या मनात मी त्या म्हातारीलाही नमस्कार केला.

शाळेच्या शेवटच्या दिवशी पल्लवीबरोबर मंदाबाई आली आणि नाणं सरांच्या हातात दिलं. कुंकवाने माखलेलं. द्यायला तिला किती जड गेलं ते दिसत होतं, पण नियम म्हणजे नियम. सरांनी ते उलटून बघितलं, पुसलं नाही, तसंच डब्यात ठेवलं. पुढच्या वर्षी इटली कुणाला दिली नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळा डबा पोरांना वाटून टाकला, कायमचा. शेवटी उरलं ते नाणं मंदाबाईला दिलं. ती म्हणाली, "अन परत कवा करायचं?"

"शेवटच्या दिवशी," सर म्हणाले.

"कोणत्या?"

त्यावर सर नुसते हसले.

त्यानंतर काही वर्षांनी जर्मनीचा फोन आला. सरांना पोटात गाठ निघाली होती, जालन्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन होतं. मी सकाळीच पोचले. सर खाटेवर, हिरव्या गाऊनमध्ये, आणखीच उंच आणि आणखीच बारीक दिसत होते. त्यांच्या पत्नी पायाशी बसल्या होत्या. थोड्या वेळाने मंदाबाई आली. जर्मनीनेच आणली होती. तिने खणाच्या तुकड्यात बांधलेलं नाणं काढलं.

"परत कराया आले न्हाई, सर," ती घाईघाईने म्हणाली. "आज काय शेवटचा दिस न्हाई. नुसतं हातात धरून आत जावा."

मला वाटलं, सर नको म्हणतील. आयुष्यभर त्यांनी कधी अंगारा लावला नव्हता की गंडा बांधला नव्हता. पण त्यांनी हात पुढे केला, नाणं घेतलं, चाकाची बाजू बघितली, मुखाची बाजू बघितली आणि मूठ मिटली.

स्ट्रेचर दारापाशी गेलं तेव्हा सिस्टर म्हणाली, "काका, धातूचं काही आत नेता येत नाही." सरांनी मूठ उघडून बघितली. मग मंदाबाईला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज फार उतरला होता. पण त्या दिवशी ते कुणावर रागावलेले नव्हते.

"तुम्हीच धरा," ते म्हणाले. "अन इथं दाराबाहेर उभ्या ऱ्हावा. ती पुढं आसली म्हंजे मी मागं मागं येतो."

दार बंद झालं.

मंदाबाई बसली नाही. बाकडं रिकामं होतं, मी दोनदा म्हटलं, पण ती दारासमोर मूठ मिटून उभीच राहिली. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि सरांच्या पत्नीशी हळू आवाजात बोलले. त्या खाली बसल्या. जर्मनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मंदाबाईला कुणी काही सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

ती माझ्याकडे आली. मूठ उघडली. इतका वेळ आवळून धरल्याने तळहातावर चाकाचे दाते उमटले होते.

"मॅडम, शेवटचा दिस तर झाला की," ती म्हणाली. "आता हे कुणाला परत करू?"

मी तिची मूठ पुन्हा मिटवली आणि तशीच दोन्ही हातांत धरून उभी राहिले.